कारण लिहायचं नाही

‘बाराशे. आजच. करू का?’

शिलाईवालीने फोनवरच्या गटात एवढंच टाकलं. हेडबाईंनी टाचणी दातांत धरली, एका बोटाने उत्तर दिलं, ‘दोन दिवस थांब,’ आणि गिऱ्हाइकाच्या कोटाला चिठ्ठी लावायला घेतली. या उत्तराला काही डोकं चालवावं लागत नव्हतं. त्यांच्यामागोमाग बाकीचेही सुरू झाले, थांब, थांब म्हणून. कुणी हात जोडले, कुणी अंगठा दाखवला.

हेडबाई म्हणजे शाळेतल्या नव्हेत. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरवर बसायच्या. नवऱ्याच्या मागे राहिलेली देणी त्यांनी एकटीने, पोटाला चिमटा काढून फेडली होती. मग गिऱ्हाइकांतलेच कर्जाने पिचलेले चेहरे हेरून त्यांनी हा गट काढला. त्या गिऱ्हाइकांनी आपले ओळखीचे आणले. गटात टोपणनावानेच बोलायचं, नाव-पत्ता कुणी सांगायचा नाही, वसुलीवाल्यांचा काय भरवसा. आणि खर्च करण्याआधी विचारायचं, पण नुसता आकडा सांगून. कारण लिहायचं नाही. हा बाईंचा लाडका नियम. कारण काय हो, कुणाकडे नसतं? बहिणीचं लग्न असतं, साहेबांच्या घरी मोकळ्या हाताने जाता येत नसतं. कारण ऐकलं की ऐकणारा विरघळतो आणि सांगणारा बुडतो, असं त्यांचं म्हणणं.

आणि खोटं कशाला बोला, या नियमावर माणसं तरली होती. खुद्द शिलाईवाली तरली होती. दारात येऊन शिव्या घालणाऱ्या सावकारांची देणी तिने एकेक करून मिटवली होती. तुम्ही नसतात तर मी जिवाचं काही बरंवाईट केलं असतं, असा बोललेला निरोप तिने एकदा पाठवला होता. हेडबाई तो अधूनमधून लावून ऐकायच्या. तेवढंच बरं वाटायचं.

फोन पुन्हा वाजला.

‘बरं. थांबते. पोराला श्वास पुरत नाहीये, ओठ निळसर दिसतायत. दवाखान्यात ठेवून घ्यायला आधी बाराशे भरा म्हणतात. पण तुम्ही सगळे म्हणताय तर थांबते. कारण लिहिलं, माफ करा.’

हेडबाईंनी ते दोनदा वाचलं. अगं वेडे, आत्ताच्या आत्ता घेऊन जा, पैसे मी पाठवते, असं त्यांनी घाईघाईने लिहिलं. निरोपापुढे गेल्याची एकच खूण उमटली. पोचल्याची दुसरी उमटेना. फोन लावला, तर या नंबरवर येणारे फोन बंद आहेत. असणारच. रिचार्जवर कशाला उधळतेस, जिथे फुकटचं वायफाय सापडेल तिथे जाऊन निरोप पाठव आणि घरी जा, ही शिकवण हेडबाईंचीच. शिलाईवाली तिथे गेली, निरोप पाठवला आणि गुणी बाळासारखी घरी निघून गेली.

गटात एकच गलका झाला. ती राहते कुठे, कुणाला माहीत आहे का? कुणालाच माहीत नव्हतं. तिला गटात आणणारी कर्ज फेडून केव्हाच निघून गेली होती. सासू अंथरुणाला खिळलेली आहे हे माहीत होतं. पडद्याच्या कापडाचा फ्रॉक शिवून विकला तो किती चांगला झाला होता, हेही माहीत होतं. पण गल्ली? शेवटी ‘चहाबंद’ म्हणून एकजण होता, कर्ज फिटेपर्यंत चहाला न शिवणारा, त्याला आठवलं की तिच्या बोललेल्या निरोपात मागे लाकूड कापायच्या करवतीचा आवाज येतो. सगळ्यांनी जुने निरोप काढून कानाला लावले. होता, आवाज होता.

तोवर हेडबाईंच्या फोनवर पैसे येऊ लागले. कुणी मागितले नव्हते. आमटीत एक मिरची कमी टाकून पै-पै साठवणारी ही माणसं, त्यांनी हिशेब न करता पाठवले. चहाबंदने तर महिन्याचा हप्ताच पाठवून दिला. बाराशेचे पाच हजार झाले, सात हजार झाले, फोन वाजायचा थांबेना. हेडबाईंना तो फेकून द्यावासा वाटला. काय चाटायचंय त्या पैशांना?

शहरात लाकडाच्या वखारी त्यांना ठाऊक होत्या त्या तीन. कोट काउंटरवर तसाच टाकून, दुकान उघडं सोडून त्या रस्त्यावर आल्या आणि समोर आली त्या रिक्षात बसल्या. भाडं विचारलं नाही. पोराला काही होऊ नये, एवढंच त्या पुटपुटत होत्या. तो केवढा आहे, हेही आपण कधी विचारलं नाही, हे त्यांच्या वाटेत लक्षात आलं.

पहिल्या वखारीतल्या माणसाने करवत बंद केली आणि कानातले बोळे काढले. इथे जवळपास शिवणकाम करणारी, लहान मुलाची आई कुणी राहते का, हेडबाईंनी धापा टाकत विचारलं. मागच्या खोल्यांमधून शिवणाऱ्या बऱ्याच आहेत, दोघी-तिघींची मुलं लहान आहेत, असं त्याने सांगितलं.

“त्यांतली कुठली? नाव काय तिचं?”

हेडबाईंनी फोन पाहिला, त्यात नुसतं ‘शिलाईवाली’ लिहिलेलं होतं.

“नाव माहीत नाही, दादा,” त्या म्हणाल्या. “माझं ऐकते ती. मी सांगेन ते सगळं ऐकते.”