मधली फळी

मतदारसंघांची फेरआखणी झाली, तेव्हा नकाशा त्याच्याच टेबलावर होता. नवी हद्द कालव्याच्या मधोमध आली. "रेघ जरा ठळक ओढ, वरच्यांना चष्म्याशिवाय दिसली पाहिजे," साहेब म्हणाले. त्यानं हौसेनं दोनदा गिरवली.

निवडणूक तोंडावर आली, तशी दोन्हीकडच्या खासदारांना कालव्यावरच्या लाकडी पुलाची आठवण झाली. एकानं या काठाकडून फळ्या बदलल्या, दुसऱ्यानं त्या काठाकडून. दोघंही हद्दीपाशी थांबले. मधली एक कुजकी फळी तेवढी राहिली. तिला कोण हात लावणार? नेमका तिच्यावरच नकाशावाल्याच्या वडिलांचा पाय पडला.

प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून अप्पा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत होते, "आमचे चिरंजीव नकाशाच्या ऑफिसात आहेत. फळी कुणाच्या हद्दीत येते ते कळू दे, त्याला सोडतच नाही!"

पाहुणे गेल्यावर त्यांनी विचारलं, "काय रे, लागला का पत्ता?"

"कुणाच्याच हद्दीत नाही, अप्पा. रेघेखाली आलीय ती." सरळच असलेली उशी तो पुन्हा सरळ करू लागला.

 

"मग रेघ कुणी ओढली, त्याचं नाव काढ."