बाहेरची सवय

थंडी सरत आली तसे बाबा खिडकीतल्या टोमॅटोच्या रोपांचा ट्रे रोज गच्चीत नेऊन ठेवायचे आणि थोड्या वेळाने परत घरात आणायचे. जिन्यात माती सांडायची ती वेगळीच.

"कशाला ही ने-आण?" मुलगा वैतागून म्हणाला. "एकदाच बाहेर ठेवून मोकळे व्हा ना."

"एकदम बाहेर काढली तर माना टाकतात रे. आधी तासभर ठेवायची, मग दिवसभर, मग एखादी रात्र. अंगवळणी पडलं की बाहेरचीच होतात."

मुलाने बायकोकडे पाहिलं.

त्या रविवारी दोघं बाबांना एका वृद्धाश्रमात सहज म्हणून चहाला घेऊन गेले. तिथली बाग बघण्यासारखी आहे म्हणे. पुढच्या रविवारी सकाळी सोडलं, ते संध्याकाळी आणलं.

आज सून त्यांच्या पिशवीत टॉवेल आणि गोळ्या भरत होती.

"एक रात्र राहून तर बघा, बाबा," मुलगा म्हणाला. "नाही करमलं तर लगेच न्यायला येतो."

बाबांनी गच्चीतला ट्रे आत आणून खिडकीत ठेवला आणि हाताची माती झटकली.

"जन्मभर तुला इतकं शिकवलं," ते म्हणाले, "नेमकं हेच बरं लक्षात राहिलं."