मूळचा रंग

बंबात शेवटचा फोटो टाकताना लालासाहेबांचा हात अडला. फोटोत ते स्वतः होते, लष्कराच्या गणवेशात, पोट अजून न सुटलेले. शेजारी ती दोन दरवाजांची, उघड्या टपाची परदेशी गाडी. सायीसारखी पांढरी.

"आण्णा, टाका की," लेक क्रांती मागून म्हणाली. "गाडी घेनारा त्यो मानूस रहिमतपूर सोडलं म्हनतोय."

लालासाहेबांनी फोटो टाकला.

गाडी त्यांना कर्नलसाहेबांनी दिली होती. साहेबांची गाडी हाकण्यातच सगळी नोकरी सरली, म्हणून निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी किल्लीच हातात ठेवली. कोरेगावात तिचा थाट मोठा. पुढे दहा वर्षांनी, दोन हजार साली, क्रांतीने स्वतःच्या लग्नात हट्ट धरला, वरात निघेल तर लाल गाडीतूनच. लालासाहेबांनी गाडी कुपवाडला पीरमहंमदकडे नेली. त्या माणसाचं काम म्हणजे नाद करायचा नाही. जुना रंग पत्र्यापर्यंत खरवडून त्याने बॉनेटच्या आत, दाराच्या कडांना, अगदी सीटच्या खालीसुद्धा असा लाल चढवला, की गाडी जन्माला आली तीच लाल वाटावी. वऱ्हाडाने तोंडात बोटं घातली. लालासाहेब तर महिनाभर जमिनीवर नव्हते.

तोच रंग आता नडला होता.

लालासाहेबांच्या पत्नी मनुबाई मिरजेत दवाखान्यात होत्या. हृदयाची झडप बदलल्याशिवाय त्या वाचत नाहीत, हे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. घरात विकण्याजोगी चीज एकच. पुण्याचा एक जुन्या गाड्यांचा व्यापारी येऊन गेला. गाडी बघून तो हरखला, आणि लालासाहेबांनी भोळेपणाने पीरमहंमदच्या कारागिरीचं कौतुक सुरू केलं. व्यापाऱ्याचा चेहरा उतरला.

"मूळ रंग घालवलात काका. फिका पडलेला, पोपडे निघालेला असता, तरी मी डोळे झाकून घेतली असती. आता हिला निम्मी किंमतही येणार नाही."

निम्म्या पैशात झडप बसत नाही. त्या संध्याकाळी लालासाहेब गोठ्यात जाऊन रडले.

मग सांगलीकडून इंद्रजितचा फोन आला. हळदीचा व्यापार आहे म्हणाला. "अशी लाल उघडी गाडी लय वर्सं हुडकतोय. किंमत तुमी सांगाल ती. पन रंग मूळचाच पायजे."

"मूळचाच हाय," लालासाहेब म्हणाले. शब्द तोंडातून गेल्यावर त्यांनाच घाम फुटला. पण आता माघार नव्हती. जुने फोटो तेवढे उरले होते, त्यांचीही सकाळी आंघोळीच्या पाण्यात सोय लागली.

इंद्रजित आला. चाळिशी ओलांडलेला, कमी बोलणारा माणूस. त्याच्या गाडीत मागे एक म्हातारी बसली होती, काच वर केलेली.

"आई हाय. गुडघं धरल्यात तिचं, बसू दे," तो म्हणाला. चहालाही नको म्हणाला.

त्याने गाडीला दोन फेऱ्या मारल्या. बॉनेट उघडून आत बघितलं, दाराच्या कडेवरून बोट फिरवलं. पीरमहंमदने कुठे फट ठेवलीच नव्हती.

"गाडीच्या पुस्तकात रंग लिवलेला न्हाई, काका."

"त्या येळचा कारकून," लालासाहेब हसले. "गाडी बघूनच गार झाला, लिवायचं राहूनच गेलं."

"गाडी पयल्यापासनं तुमच्याकडंच?"

"नव्वद सालापासनं. आन माझ्याबिगर कुनी स्टेरिंगला हात लावला न्हाई." हे मात्र अक्षर न् अक्षर खरं होतं. एकाच हाताखालच्या गाडीला भाव चढतो, हेही त्यांनी आता ऐकून ठेवलं होतं.

"पंच्यान्नव सालीबी तुमीच चालवायचा?"

"पंच्यान्नव काय, शान्नव काय! सख्ख्या जावयाला दिली न्हाई कवा."

"आन रंग ह्योच."

"ह्योच."

इंद्रजितने खिशातून छोटी पिशवी काढली. आत पिवळाधमक भंडारा होता. "आमी बिरोबाची मानसं. कागदापरास ह्येच्यावर इस्वास. तेवढा उचला, म्हंजे झालं."

 खोटं लालासाहेब आजवर सटरफटर बोलले असतील, पण भंडारा खोटा उचलायची छाती त्यांच्या घराण्यात कुणाची झाली नव्हती. भंडारा उचलून दिलेला शब्द परत घेता येत नाही, घेतला तरी कुणी मानत नाही. त्यांनी क्रांतीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. त्यांना मनुबाईंचे निळे पडलेले ओठ दिसले. देवा, पाप माझ्या माथी घाल, पण तिला वाचव, असं मनात म्हणून त्यांनी मूठ भरली.

"बिरोबाची आन. गाडी मूळची लाल हाय. वरनं एक थेंब रंग मारल्याला न्हाई."

इंद्रजितच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. किती हा शौक, लालासाहेबांना वाटलं. त्यांचा जीव भांड्यात पडला. क्रांतीने तर मिरजेला फोन लावायलाही घेतला.

इंद्रजित आपल्या गाडीपाशी गेला. काच खाली आली.

"आई, त्यांनी भंडारा उचलला. पंच्यान्नव सालीबी हीच गाडी, ह्योच रंग, आन चालवनारंबी ह्येच."

म्हातारी लालासाहेबांच्या पिवळ्या तळहाताकडे बराच वेळ बघत राहिली.

"मंग ह्योच रं त्यो," ती म्हणाली. "तुज्या बाच्या अंगावनं लाल गाडी घालून पळाल्याला."