पेजेची आठवण

सर्व्हरची पेटी फ्रिजवर ठेवून जगन्नाथरावांनी राउटरची वायर खोचली. आता त्यांच्या, बायको सुलभाताईंच्या आणि लेक केतकीच्या आठवणींचा बॅकअप घरातच राहणार होता. तिघांच्या कानांमागच्या, आठवणी टिपणाऱ्या चकत्या निळ्या झाल्या.

"बाबा, जागा वाचवायला सर्व्हर सारख्या आठवणी शोधतोय," केतकी पडद्यावरचं वाचत म्हणाली. "एक सापडली. आबांना पेज भरवणं."

जगन्नाथराव खुलले. अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना आपण महिनोन्‌महिने पेज भरवली, हे ते प्रत्येक पाहुण्याला सांगत. केतकी ती गोष्ट ऐकतच वाढली होती.

"पण मूळ आठवण आईची आहे." केतकीचा आवाज उतरला. "तुमची ऐकीव निघतेय. तिच्यात वासच नाही. तुमची त्या वेळची खरी खाली दबलीय. उघडू?"

उघडायची गरज उरली नाही. दाराबाहेर नाकाला रुमाल लावून, आतल्या चमच्याची किणकिण ऐकत उभा असलेला माणूस त्यांना लख्ख दिसला : ते स्वतःच. ते सुलभाताईंकडे वळले.

"अगं, इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

सुलभाताईंनी कणीक मळायची थांबवली नाही. "इतकं मनापासून सांगायचात. वाटलं, गोष्टीत तरी आबांना मुलगा मिळतोय, मिळू दे."

पडद्यावर प्रश्न तसाच होता : कोणती आठवण ठेवायची?

"आईची ठेव," जगन्नाथराव खाली बघत म्हणाले. "माझी ऐकीव पुसून टाक."

"आणि ती दबलेली?"

"तीही ठेव. वासासकट."