मैनेसाठी जाळं

इतवारीनं शेवटची गाठ मारली, दोरी दातानं तोडली आणि जाळं दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. घरामागच्या सांदवाडीला चारी बाजूंनी जाळं होतं, वरूनही होतं. आत पपईचं झाड, वांग्याची चार रोपं आणि धुण्याचा दगड.

"आता बिबट्याचा बाप आला तरी मैनेले हात लावत नाही," घरात येत तो म्हणाला.

त्याची बायको जमुनाबाई मैनेला कडेवर घेऊन खिडकीशी उभी होती. दोन महिने ही मांजर घरात कोंडलेली होती. बिबट्या तलावाच्या पाळीवरून, त्या मातीच्या बांधावरून, गावात येऊ लागला होता. आधी शेजारच्या कवडूचा कुत्रा गेला, मग मैनेची आई. तेव्हापासून मैना गजाला नाक लावून रडायची, आणि ती जेवली नाही की जमुनाबाईही ताट सरकवून द्यायची. घरात तिसरं कुणी नव्हतं. म्हातारीचा सगळा जीव त्या मांजरीत होता.

दार उघडं ठेवायची सोय नाही, म्हणून इतवारीनं खिडकीतून वाट काढली होती. बांबूच्या कामट्यांचा लांब नळा, एक तोंड गजांत, दुसरं सांदवाडीत. काम असं नेटकं, की बघत राहावं. त्याच्या हाताला तलावाकाठी तोड नव्हती, आणि हे तो स्वतःच गावभर सांगायचा.

मैना नळ्यात शिरली. टोकाच्या कामट्या जराशा फाकल्या, ती पलीकडे उतरली आणि कामट्या पुन्हा मिटल्या. तिनं माती हुंगली, अंग टाकून लोळली, उठून पपईला नखं घासली. जमुनाबाईला हसूही आलं आणि रडूही.

"कशी खेळून राहिली, पाहा!"

दिवस बुडायला आला होता. पाळीवरच्या आंब्यातून एक वानर खोकलं. मग दुसरं. गावातली कुत्री भुंकता भुंकता एकाएकी गप्प झाली.

मैना जागच्या जागी थांबली. मग पोट जमिनीला टेकवून नळ्याकडे पळाली. कामट्यांची टोकं तिच्या तोंडावर आली. तिनं पंजा घातला, टोचलं, मागे घेतला. पुन्हा घातला.

"अवो, ते आत काहून येऊन नाही राहिली?"

इतवारीनं वाकून नळ्यात पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. सगळी टोकं पलीकडे वळलेली, एकमेकांना भिडलेली. मासे धरायच्या सापळ्याला असतात तशीच. जाणाऱ्याला वाट देतात, येणाऱ्याच्या डोळ्यांत घुसतात. चाळीस वर्षं त्यानं दुसरं काही विणलंच नव्हतं. जित्याची खोड, ती मांजरीसाठी कशी बदलावी?

"हातानं आपल्याच मनानं केलं वं," तो पुटपुटला.

"तुमचा हात ठेवा तुमच्यापाशी. दारातून आणू तिले." जमुनाबाई मागच्या दाराकडे धावली.

तेवढ्यात जाळ्याचा वरचा बांबू करकरला. जाळ्याची मोठी दोरी खिडकीच्या गजाला बांधलेली होती, ती ताणली गेली. खिडकीतून जाळ्याचं छत दिसत नव्हतं. खालची मैना तेवढी दिसत होती. ती ओरडत नव्हती. कामट्यांच्या फटीतून घरात बघत होती.

इतवारीनं सवयीनं दोरीवर हात ठेवला. गढूळ पाण्यात काही दिसत नाही. तिथे तो असा दोरीवर हात ठेवूनच सांगायचा, रोहू लागला की मरळ, की नुसतं शेवाळ, आणि वजन किती. आजवर कधी चुकला नव्हता.

दोरी सावकाश खाली गेली, थांबली, आणखी थोडी गेली.

"काय आहे?" जमुनाबाईनं विचारलं. तिचा हात कडीवर होता.

इतवारीनं दोरीवरचा हात उचलला नाही.

"मोठं आहे," तो म्हणाला. "जमुना, उघडू नको."

मैनेनं तिसऱ्यांदा पंजा घातला.

कडी सरकल्याचा आवाज आला.