नातवाचा फुगा

"हे आत गेलं कसं?" डॉक्टर मॅडमनी सोनोग्राफीचा कागद उजेडाकडे धरत विचारलं.

खाटेवर बाबा पडून होते. शेजारी त्यांचा मुलगा होता. मूत्रविकाराच्या याच वॉर्डात तो बावीस वर्षं नर्सिंग करत होता आणि लहानथोर सगळे त्याला ब्रदर म्हणत. आज तो नातेवाईक म्हणून उभा होता आणि हात कुठे ठेवावेत तेच त्याला कळत नव्हतं.

बाबांच्या मूत्राशयात अंगठ्याच्या नखाएवढं काहीतरी वाकडं तरंगत होतं, त्यावर खडूसारखा थर चढला होता. दोन महिने लघवीला आग होत होती, मधूनच रक्त जायचं. पण सांगायला ते लाजले. लाजणं त्यांच्या अंगातच होतं. घरात मुलांनी त्यांना कधी सदऱ्याशिवाय पाहिलं नव्हतं. तीस वर्षं बसवर कंडक्टर, पण सख्ख्या भावालाही विनातिकीट एक थांबा नेलं नाही. बाबा खोटं बोलत नाहीत, यावर घरात कुणीही डोळे मिटून पैज लावली असती.

"सात महिन्यांपूर्वी लघवी अडली होती, तेव्हा नळी घातलेली दिसतेय," मॅडम केसपेपर चाळत म्हणाल्या. "ती काढली कुणी?"

"मीच," ब्रदर म्हणाला. "घरी."

त्याचं बाबांना कोण कौतुक. आमच्या पोराचा हात हलका, दवाखान्यात रांग लावावी लागली नाही, असं ते गल्लीभर सांगत सुटले होते. वॉर्डातही तेच. अवघड नळी असली की ब्रदरला हाक जायची. खाटेसमोरच्या भिंतीवरची सूचनाही त्याच्याच वळणदार अक्षरात होती: ‘नळी काढल्यावर तिला आत धरून ठेवणारा टोकाचा रबरी फुगा अख्खा आला का, पाहा. फुग्यातलं पाणी उतरत नसेल तर फुगा फोडू नका, डॉक्टरांना बोलवा.’ वॉर्ड-इन्चार्जची जागा महिनाअखेरीस भरायची होती, आणि मॅडमच्या यादीत नाव एकच होतं.

"काढताना काही..." मॅडमनी सुरुवात केली.

"मी घातलंय," बाबा म्हणाले.

"काय घातलंत, आजोबा?"

"फुगा. नातवाचा, लाल. फुटलेला होता." ते भिंतीकडे बघत सावकाश बोलत होते. "आत खाज फार यायची. रिफिलीला गुंडाळून घातला. रिफिल बाहेर आली, रबर राहिलं."

दारातल्या सिस्टरने फाइल तोंडापुढे धरली. मॅडमच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "होतं असं कधी कधी. लाजू नका. उद्या सकाळी दुर्बीण घालून काढून टाकू."

त्या इतक्या समजुतीने बोलल्या की ब्रदरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संमतिपत्रावर ‘नातं’ या शब्दापुढे त्याने ‘मुलगा’ लिहिलं, ते मुंगीएवढ्या अक्षरात.

असल्या बातम्यांना पाय फुटायला वेळ लागत नाही. दुपारी तो कॅन्टीनमध्ये शिरला तेव्हा बोलणी एकदम थांबली. परत येऊन पाहतो तर त्याच्या कपाटाच्या कडीला कुणीतरी रबरी हातमोजा फुगवून बांधला होता. त्याने तो सोडून कचऱ्याच्या डब्यात टाकला.

संध्याकाळी तो बाबांच्या खाटेशी गेला, पण बसला नाही.

"जन्मभर कडक इस्त्रीत राहिलात आणि म्हातारपणी हे? नाक कापलंत माझं. उद्या मी थिएटरमध्ये येणार नाही."

"नको येऊस," बाबा म्हणाले. "जेवलास का?"

तो निघून गेला.

सकाळी तो खरोखरच गेला नाही. कपड्यांच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत बसला. घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घातल्या. दहाच्या सुमाराला मॅडमनी बोलावून त्याच्या हातात एक छोटी बाटली दिली.

"निघालं सगळं. आजोबा छान आहेत. नोंदवहीत तुम्हीच लिहा, ब्रदर, तुमचं अक्षर चांगलं आहे. ते म्हणाले तसंच लिहा. आणि एक सांगू? त्यांना रागावू नका. खरं सांगायला धाडस लागतं."

त्याने मान हलवली. नोंदवही उघडली, तारीख घातली, बाबांचं वय घातलं. ‘वस्तू’ या रकान्यापाशी पेन थांबलं. त्याने बाटलीतला तुकडा चिमट्याने काढून ओल्या गॉझवर ठेवला आणि वरचा थर चोळून काढला.

खालून लाल रंग निघाला नाही. निघाला तो मेणचट पिवळा. रबर पोरांच्या फुग्यासारखं पातळ नव्हतं, जाड होतं, एका कडेला फाटलेलं. बावीस वर्षं रोज बोटांखालून गेलेलं रबर ओळखायला त्याला चष्मा लागला नाही.

वॉर्डात बाबा जागे होते. समोर भिंतीवर त्याची सूचना होती. ब्रदर या वेळी खाटेच्या कडेवर बसला. बाटली त्याच्या मुठीत होती.

"बाबा, हा लाल नाहीये."

बाबांनी दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

"त्या दिवशी ड्यूटीला उशीर होत होता," तो म्हणाला. "पाणी काही उतरेना. मी..."

बाबांनी त्याची मूठ उघडून बाटली काढून घेतली आणि उशीखाली सारली.

"आत फट् झालं ते मला त्याच दिवशी कळलं होतं," ते म्हणाले. "तू लाल लिही."