जावळाची लोकर

"खाटेखालचं गठुडं कुठं गेलं गं?" तायव्वानं दारातून विचारलं.

सुनेनं चिखलाचे हात न पुसताच ड्रमकडं बोट केलं. मेंढ्यांच्या लोकरीला आता गिऱ्हाईक उरलं नव्हतं. वाया जाणारी लोकर ती ड्रममध्ये कोंडायची, झाकण चिखलानं लिंपायची आणि खाली बाभळीचा जाळ लावायची. आत वारा शिरला नाही, तर राख न होता कोळसा होतो. लेंड्यांच्या पाण्यात मुरवून शेतात घातला की माती ओल धरून ठेवते.

"आखूड होती, आत्ती. मला वाटलं, टाकाऊच."

"टाकाऊ? जावळ होतं ते! कोकरांची पहिली कातरण!" तायव्वा काठी घेऊन झाकण फोडायला धावली. "तुझ्या लेकराच्या घोंगडीसाठी राखलं होतं गं!"

सून जागच्या जागी थिजली. ही गोष्ट तिनं अजून नवऱ्यालाही सांगितली नव्हती. "तुमाला... कुणी सांगितलं?"

"गाभण मेंढी मला नुसत्या चालीवरनं कळती. तू तर माझ्या चुलीपुढं बसतीस!"

काठीच्या एकाच फटक्यानं लिंपण तडकलं. फटीतून धुराची पिवळी रेघ निघाली. तायव्वा बघत राहिली. आतलं जावळ घोंगडीचं राहिलं नव्हतं. उघडलं तर कोळशाचंही राहणार नव्हतं. तिनं काठी टाकली, ओंजळभर चिखल उचलला आणि फट बुजवली.

"उद्या आंब्याचं रोप आण," ती म्हणाली. "हा कोळसा त्याच्या आळ्यात घालू. घोंगडी गेली... सावली तरी विणू."